आधी काय यायला हवं?

पहाटे ५.१५

नळाची खरखर ऐकू आली की उठायचं, ही सोलापूरकरांची जुनी सवय. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. काही दिवसांच्या आड येतं, आणि आलं की पिंपापासून तांब्यापर्यंत सगळं भरून घ्यायचं. आज मंगळवार, २४ जून २०२५. शाळा सुरू होऊन आठवडा उलटला आहे. बादल्या उचलता उचलता मनात हिशेब चालतो: आमच्या भागाला आज पाणी, म्हणजे शाळेजवळच्या गल्ल्यांना उद्या. उद्या पाच-सहा मुलं उशिरा येणार. दोन-तीन येणारच नाहीत, कारण मोठी माणसं कामावर गेली की पाणी भरायला घरात पोरंच उरतात. तेव्हा गणितातला नवा घटक उद्या काढायचा नाही. आज तरी काढायचा, नाहीतर परवा.

नियोजन म्हणतात ते इथून सुरू होतं. पुष्कळांना वाटतं की काय शिकवायचं आणि कोणत्या क्रमानं, हे सगळं पुण्याला बालभारतीत ठरतं आणि आम्ही नुसती पानं उलटतो. पुण्याला ठरतं हे खरंच आहे. १९६७ साली बालभारती स्थापन झाली, तेव्हापासून राज्याची पाठ्यपुस्तकं तिथे तयार होतात. ती करणाऱ्यांनी क्रमाचा बारकाईनं विचार केलेला असतो, हे मी सव्वीस वर्षं ती पुस्तकं शिकवून सांगते. पण पुस्तकातला क्रम सबंध महाराष्ट्रातल्या मुलांसाठी असतो. माझ्यासमोर सोलापूरच्या पूर्व भागातली तिसरीची चौतीस मुलं बसतात.

६.३०

चहा, कडक भाकरीचा तुकडा, शेंगाचटणी, आणि टेबलावर वार्षिक नियोजनाचा छापील तक्ता. महिना, घटक, उपघटक, तासिका, भारांश, शेरा. महिनाअखेर तो मुख्याध्यापकांकडे द्यायचा आहे.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं पहिली ते पाचवीला वर्षाचे किमान २०० दिवस आणि ८०० तास ठरवून दिले आहेत. सरासरी दिवसाला चार तास. कागदावर ऐसपैस वाटतं. मग मी दिनदर्शिका शेजारी ठेवते. आषाढीच्या आधी शेगावची पालखी शहरातून जाते, त्या दिवशी अर्धा वर्ग रस्त्याच्या कडेला उभा असतो. श्रावणात नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथोत्सव, मग गणपती, नवरात्र, दिवाळी. जानेवारीत संक्रांतीला सिद्धेश्वराची गड्डा यात्रा. मार्च सरता सरता ऊन असं तापतं की बाराच्या पुढे मुलांच्या डोक्यात काही शिरत नाही. हे दिवस वाया जातात असं मी म्हणणार नाही, मुलं त्या दिवसांतही शिकतातच. फक्त कोणता घटक त्यांच्या आधी ठेवायचा आणि कोणता नंतर, हे मला ठरवावं लागतं. भागाकार मी संक्रांतीच्या आठवड्यात कधीच ठेवत नाही. नाणी-नोटांचा हिशेब मात्र मुद्दाम त्याच्या आधीच्या आठवड्यात घेते. पाळण्याचं तिकीट, भजीची पुडी, उरलेले सुटे पैसे. गड्ड्यावर सराव आपोआप होतो.

तक्त्यात एक रकाना नाही. तो मी दरवर्षी पट्टीनं आखून पेन्सिलीनं भरते: आधी काय यायला हवं? हातच्याची बेरीज असेल, तर दहा सुटे मिळून एक दशक होतो हे हाताला कळलेलं हवं, नुसतं तोंडाला नव्हे. घड्याळ असेल, तर पाचाचा पाढा हवा. नकाशा असेल, तर मैदानात उभं राहून पूर्व-पश्चिम दाखवता यायला हवी. रकाना भरायला लागलं की पुस्तकाची अनुक्रमणिका हलू लागते. काही घटक वर सरकतात, काही खाली. हे सरकवणं हेच माझं खरं काम आहे, असं आता मला वाटतं. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत तसं वाटत नव्हतं.

१०.१५

अशोक चौकातून पुढे वळलं की यंत्रमागांची खडखड सुरू होते. कुठे चादर, कुठे टॉवेल. काही कारखाने बंद पडले, तिथे कुलूप आहे. दारात बसलेल्या बायका सुपं मांडीवर घेऊन विड्या वळतात. या घरांतून माझी मुलं येतात. वर्गात एकोणीस घरं तेलुगू बोलणारी, सहा कन्नड, तीन उर्दू, सहा मराठी. माध्यम मराठी. सोलापुरात तेलुगू, कन्नड आणि उर्दू माध्यमाच्याही शाळा आहेत, पण पुष्कळ आई-वडिलांना मूल मराठीत शिकावं असं वाटतं. ते त्यांनी विचारपूर्वक ठरवलेलं असतं, आणि त्याचा मान राखणं माझ्याकडे येतं.

११.००

परिपाठ झाला, हजेरी झाली. गणित.

फळ्यावर २९ लिहिते. ‘‘हे किती?’’ दुसऱ्या रांगेतली एक मुलगी हात वर करते आणि लगेच खाली घेते. मी तिच्याकडे बघून मान हलवते. ती हळूच म्हणते, ‘‘वीस नऊ.’’ दोघं-तिघं हसतात.

इथे थांबणं भाग आहे, कारण माझ्या सगळ्या नियोजनाचं मूळ या उत्तरात आहे. मराठीत एकवीसपासून पुढे एककाचं नाव आधी येतं, दशकाचं नंतर. लिहिताना मात्र दशक आधी. बावीस म्हणताना कानाला आधी दोन ऐकू येतात, बावन्न म्हणतानाही दोनच, म्हणून मूल ५२ च्या जागी २५ लिहितं. एकोणतीस तर आणखी कठीण. त्यात वीसही नाहीत आणि नऊही नाहीत, त्यात एक उणे तीस आहेत. उलट तेलुगूत २९ ला इरवै तोम्मिदि म्हणतात, सरळ वीस नऊ. कन्नडमध्ये इप्पत्तोंबत्तु, तेही वीस आणि नऊ. जसं लिहायचं तसंच बोलायचं. म्हणजे ही मुलगी चुकलेली नाही. तिच्या घरच्या भाषेत तिचं स्थानिक किमतीचं ज्ञान पक्कं आहे. ते तिनं मराठीत उतरवलं एवढंच.

२०१९ च्या जूनमध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसच्या जोडीला ‘वीस एक’ असं वाचन आलं आणि केवढा गदारोळ झाला, हे वाचकांना आठवत असेल. विधिमंडळातही तो विषय गाजला. डॉ. मंगला नारळीकर त्या गणित समितीच्या अध्यक्ष होत्या. जोडाक्षरं आणि उलटा क्रम मुलांना अडतो, असं समितीचं म्हणणं होतं. जुनी नावं काढलेली नव्हती, त्यांच्या आधी एक पायरी घातली होती. मराठी मोडली म्हणून जे रागावले त्यांचं भाषेवरचं प्रेम मी नाकारत नाही. पण पूर्व भागातल्या एखाद्या वर्गात ते तासभर बसले असते, तर ती पायरी कुणासाठी आहे ते त्यांना दिसलं असतं.

मलाही ते उशिरा दिसलं. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी एका मुलाला मी एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास असं शंभर वेळा लिहायला लावलं होतं. तो सारखा ‘तीस नऊ’ म्हणायचा आणि मी ते चूक धरायची. त्यानं लिहून आणलं. नंतर मात्र त्यानं गणिताच्या तासाला तोंड उघडलं नाही. माझा पोर्शन त्या वर्षी फेब्रुवारीतच पूर्ण झाला होता, आणि सगळ्यांनी माझं कौतुक केलं होतं. तो मुलगा डोळ्यांसमोरून गेलेला नाही.

आज मी हसणाऱ्यांना काही बोलत नाही. मुलीला विचारते, ‘‘घरी काय म्हणतेस?’’ ती म्हणते, इरवै तोम्मिदि. तेलुगू बोलणारी सगळी मुलं एका सुरात म्हणतात. एक कन्नड मुलगा आपणहून इप्पत्तोंबत्तु म्हणतो. मग काड्या निघतात. दहा-दहाच्या जुड्या, रबर लावलेल्या. दोन जुड्या आणि नऊ सुट्या. ‘‘वीस नऊ,’’ वर्ग म्हणतो. ‘‘आणखी एक काडी घातली तर?’’ तीस. ‘‘मग तीसला किती कमी आहे?’’ एक. ‘‘म्हणून मराठीत तिला एकोणतीस म्हणायचं.’’ मराठी घरातला एक मुलगा चकित होऊन म्हणतो, ‘‘बाई, म्हणून एकोण होय!’’ त्यानं तो शब्द पाचव्या वर्षापासून पाठ म्हटला होता. त्याचा अर्थ त्याला आज त्याच्या तेलुगू मैत्रिणीमुळे कळला.

माझा क्रम असा आहे: घरच्या भाषेतली मोजणी, मग काड्या, मग ‘वीस नऊ’, आणि सगळ्यांत शेवटी ‘एकोणतीस’. याला तीन आठवडे जातात. तीन अंकी संख्या हा तिसरीचा मुख्य भाग, तो मी जुलैच्या मध्यावर ढकलते. एकदा तपासणीला आलेल्या एका साहेबांनी मला विचारलं होतं, बाकीच्या शाळा पुढे गेल्या, तुम्ही मागे का? मी त्यांना वह्या दाखवल्या. ऑक्टोबरपर्यंत माझा वर्ग बाकीच्यांना गाठतो, कारण तीन अंकी बेरजेत आम्हाला परत मागे जावं लागत नाही.

या भागातल्या मुलांना मोठ्या संख्या परक्या नसतात, हेही सांगायला हवं. ज्या घरात विडीची मजुरी हजाराच्या हिशेबानं मिळते, तिथलं मूल पहिलीतच ‘हजार’ शब्द ऐकून मोठं होतं. पुस्तक त्याच्याकडे पुढे कधीतरी येतं. विड्यांच्या जुड्या मात्र मी वर्गात आणत नाही. तंबाखूला शाळेचा उंबरा ओलांडू द्यायचा नाही, मोजायला काड्या पुरेशा आहेत.

१.३०

पोषण आहाराची खिचडी वाढून झाली की शिक्षक खोलीत डबे उघडतात. बोलणं अर्थातच हिंदीचं. गेल्याच आठवड्यात, १७ जूनला, पहिलीपासून तिसऱ्या भाषेचा सुधारित शासन निर्णय आला आहे. एक सर म्हणतात, आमच्या पोरांना हिंदी सोपी जाते, गल्लीत बोलतातच की. दुसऱ्या बाई म्हणतात, बोलणं वेगळं आणि पुस्तक वेगळं.

मी माझ्या वर्गाची मोजदाद सांगते. घरी तेलुगू. शाळेत मराठी. इंग्रजी आपल्याकडे २००० सालापासून पहिलीतच आहे. म्हणजे माझ्या एकोणीस मुलांची हिंदी तिसरी भाषा होत नाही, चौथी होते. तिसरी भाषा कोणत्या इयत्तेत आणायची, हा प्रश्न ज्या मुलाला डोळ्यांसमोर ठेवून विचारला जातो, ते मूल माझ्या वर्गात फक्त सहा घरांत आहे. भाषा नको असं मी कधीच म्हणणार नाही, सोलापूर चार भाषांवरच उभं आहे. पण एक लिपी हाताला बसण्याआधी, त्या लिपीत मूल अर्थ लावून वाचू लागण्याआधी, आणखी एक पुस्तक त्याच्या दप्तरात घालणं हा क्रमाचा दोष आहे. (हे लिहून काढीपर्यंत २९ जूनला सरकारनं मूळ आणि सुधारित असे दोन्ही निर्णय मागे घेतले आणि डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीनं पूर्व भागातही एक दिवस काढावा असं मला मनापासून वाटतं.)

डबा संपतो. शेंगाचटणी कुणाची चांगली, यावर एकमत होत नाही.

२.१५

परिसर अभ्यास. तिसरीचं हे पुस्तक मला फार आवडतं. बालभारती ते प्रत्येक जिल्ह्यासाठी वेगळं काढते, आमच्या मुखपृष्ठावर सोलापूर जिल्हा असतो. विचार जवळून दूर जाण्याचा: तिसरीत कुटुंब, घर, शाळा, गाव आणि जिल्हा. चौथीत राज्याकडे आणि शिवछत्रपतींकडे. हा क्रम शिक्षणशास्त्रात जुना आहे आणि बरोबर आहे.

पण जवळचं म्हणजे काय, हे मुलालाच विचारावं लागतं. जिल्ह्याचे अकरा तालुके मी नकाशावर दाखवते. ‘‘करमाळ्याला कोण गेलंय?’’ कुणीच नाही. ‘‘करीमनगरला? वरंगळला?’’ दहा हात वर. मावशी तिकडे, आजोळ तिकडे, दिवाळीला जातात. या मुलांना करमाळा दूर आहे आणि तेलंगण जवळ. मग मी जिल्ह्याचा नकाशा फळ्यावर काढताना त्याच्या पूर्वेला रेघ वाढवते आणि आजोळ तिथे मांडते. पद्मशाली विणकर तिकडून इकडे माग घेऊन आले, ही जिल्ह्याचीच गोष्ट आहे, बाहेरची नाही.

पुस्तकात कपड्यांचा पाठ अगदी शेवटाकडे आहे. त्या क्रमानं गेलं तर तो परीक्षेच्या तोंडावर येतो, एका तासिकेत उरकतो. सोलापुरात! मी तो ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात घेते. ७ ऑगस्ट हा राष्ट्रीय हातमाग दिवस, आणि यंदा त्याच सुमारास नारळी पौर्णिमा, म्हणजे रथोत्सव. त्या आठवड्यात पूर्व भागात घरोघरी विणकरांच्या कुळाची आठवण निघते. मूल ते कानावर घेऊनच वर्गात येतं. आम्ही घरातून चिंध्या आणि सुताचे तुकडे आणतो, पुठ्ठ्याला खाचा पाडून छोटा माग करतो, उभा ताणा बांधतो, आडवा बाणा घालतो. धोटा, कांडी हे शब्द मुलंच मला सांगतात. गेल्या वर्षी फळ्यावर मी तीन शब्द लिहिले होते: मराठी माग, कन्नड मग्ग, तेलुगू मग्गम्. वर्ग क्षणभर गप्प झाला. मग एक मुलगा म्हणाला, ‘‘बाई, हे तर एकच आहे.’’ 

लांबी मोजणं मी त्याच आठवड्यात जोडून घेते. आधी वितीनं, मग हातानं. माझ्या वितीनं पट्टी आठ वीत आणि तुझ्या वितीनं दहा, असं भांडण झालं की मगच मीटरपट्टी कपाटातून बाहेर काढते. मीटर का लागतो हे कळायच्या आधी मीटर हातात दिला, तर तो नुसता आकडा राहतो.

१९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी नई तालीम मांडली आणि डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीनं तिचा अभ्यासक्रम बांधला. हस्तव्यवसाय मध्ये, आणि गणित, भूगोल, भाषा त्याच्या भोवती. टकळीवर सूत काततानाच धाग्यांचा हिशेब आणि कापसाच्या प्रदेशाचा भूगोल. मुलाच्या कामातून शाळेचा खर्च निघावा ही त्यातली अपेक्षा मला पटत नाही. ज्या गल्लीत आजीची आजी मागावर वाकली, तिथल्या मुलाला मी पुन्हा मागावर बसवणार नाही. माग वर्गात यावा, मूल मागावर जाऊ नये. पण विषयांचा क्रम मुलाच्या हाताजवळच्या गोष्टीपासून धरायचा, हा त्या विचारातला गाभा मी रोज वापरते.

पाण्याचा पाठ उद्या. नळाच्या दिवशीच. पाणी नेमकं येतं कुठून, हा प्रश्न उशिरा आलेल्या मुलांनाच विचारायचा. उजनीचं धरण, भीमेवरची टाकळी, हिप्परग्याचा तलाव. ज्यानं सकाळी घागरी भरल्या त्याला त्या पाठाची प्रस्तावना लागत नाही.

३.४५

शेवटच्या दोन तासिका चित्रकला आणि खेळ. मुलं दमलेली असतात, त्यांना मोकळं सोडते.

५.१०

शाळा सुटल्यावर दुसरी, तिसरी, चौथीचे वर्गशिक्षक एकत्र बसतो. हे कुठल्या परिपत्रकात नाही, आम्हीच चार वर्षांपूर्वी सुरू केलं. चौथीचे सर आमच्यात ज्येष्ठ. त्यांची तक्रार ठरलेली आणि खरी: ‘‘बाई, दशक सुटा करून वजाबाकी तिसरीत पक्की होत नाही. मला ऑगस्ट त्यातच जातो.’’

दुसरीच्या बाई नव्या, पण चांगल्या बारकाईच्या. त्या म्हणतात, ‘‘सर, माझ्याकडे बेरजेला दहा तासिका जातात आणि वजाबाकीला सहाच उरतात. कारण बेरीज आधी येते, आणि उशीर झाला की कात्री नंतरच्याला लागते.’’ किती नेमकं बोलल्या! जे नंतर येतं ते नेहमी कापलं जातं. म्हणून आम्ही या वर्षी ठरवलं की बेरीज आणि वजाबाकी वेगळे घटक मानायचे नाहीत. जुड्या बांधणं आणि जुड्या सोडणं एकाच तासाला. सात आणि आठ पंधरा, लगेच पंधरातून आठ गेले.

मग वाद घड्याळावर. घड्याळ आधी की अपूर्णांक आधी? सरांचं म्हणणं, घड्याळ रोजचं आहे, ते आधी. माझं म्हणणं, आपलं घड्याळ सव्वा, साडे, पावणे असं बोलतं. पाव म्हणजे काय हे कळल्याशिवाय पावणेपाच कळत नाही, तो नुसता पाठ होतो. सर हसतात आणि त्यांच्या आजोबांच्या पंतोजींची गोष्ट काढतात. त्या काळी पोरं पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी घडाघड म्हणायची. अपूर्णांकांचे पाढे! आज आपण ज्याला कठीण घटक म्हणतो तो त्या शाळेत लहानपणीच यायचा, कारण आणे-पैचा, शेर-मापट्याचा व्यवहार त्याच्यावर चालायचा. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली, पाठोपाठ मीटर-किलो आले, आणि ते पाढे शाळेतून गेले. कोणता घटक कोणत्या वयात, हे त्या त्या काळाचा बाजारही ठरवत असतो. पाढे गेले तरी शब्द मात्र मुलाच्या तोंडात राहिले आहेत, पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच, आणि ते फुकट घालवायचे नाहीत.

मी आणखी एक सांगते. तेलुगूत पाऊणला मुप्पावु म्हणतात, म्हणजे तीन पाव. शब्दातच चित्र आहे. सर हे पहिल्यांदाच ऐकतात. वहीत लिहून घेतात. ठरतं: भाकरीच्या घड्या आधी, पाव-अर्धा-पाऊण, मग घड्याळ.

हेच आम्ही तिघं मिळून तीन वर्षांत तीनदा करणार आहोत. दुसरीत भाकरी मोडून, तिसरीत घडी घालून आणि घड्याळात, चौथीत अंश-छेद लिहून. जेरोम ब्रूनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९६० साली असा विचार मांडला की कोणताही विषय लहान मुलालाही त्याच्या वयाला पेलेल अशा खऱ्या रूपात शिकवता येतो, आणि पुढे पुन्हा पुन्हा वरच्या पायरीवर त्याच्याकडे यायचं. त्याला चक्राकार अभ्यासक्रम म्हणतात. तो प्रत्यक्षात यायला एवढंच लागतं, की तीन इयत्तांच्या शिक्षकांनी शाळा सुटल्यावर अर्धा तास एका टेबलाशी बसावं.

६.४५

सकाळच्या मुलीचं घर वाटेवरच आहे. आई उंबऱ्यात विड्या वळते आहे, हात थांबत नाहीत. मला बघून उठायला जाते, मी तिला बसवते. ‘‘बाई, पोरगी हुशार आहे का नाही?’’ ही पहिलीच काळजी. हुशार आहे, मी सांगते, आज तिनं अख्ख्या वर्गाला शिकवलं. आईला ते खरं वाटत नाही.

मग ती हळू आवाजात विचारते, ‘‘शाळेत तेलुगू बोललं तर चालतंय का? आम्ही घरी पण मराठीच बोल म्हणतोय तिला. येत नाही आम्हाला नीट, तरी पण.’’ मी तिला सांगते, घरी तेलुगूच बोला. मोजायला तेलुगूतच शिकवा, शंभरापर्यंत, हजारापर्यंत. तुमची मजुरी मोजताना तिला शेजारी बसवा, पण पानाला हात लावू देऊ नका. मराठी माझ्याकडे सोडा. ती मान हलवते. मुलगी दाराआडून ऐकत असते.

घरच्या भाषेचा हा प्रश्न माझ्या एकटीचा नाही. याच जिल्ह्यात, माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले यांना २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तेव्हा जगभर क्यूआर कोडची चर्चा झाली. छापलेल्या पानाला आवाज आणि चित्र जोडता येतं, हे मोठंच काम. ते करतानाही पहिला प्रश्न हाच होता की समोरच्या मुलापर्यंत पुस्तकाची भाषा पोचते का.

९.३०

जेवणं आटोपली. तक्ता पुन्हा समोर. सकाळच्या पेन्सिलीच्या खुणा आता पेनानं पक्क्या करते. जून आणि जुलैचे पहिले पंधरा दिवस: दोन अंकी संख्यांचं वाचन. जुलैचा उत्तरार्ध: तीन अंकी संख्या. ऑगस्टचा पहिला आठवडा: कपडे, ताणा-बाणा, लांबी. बेरीज-वजाबाकी जोडून. दिवाळीनंतर गुणाकाराचा विस्तार, डिसेंबरात पाव-अर्धा-पाऊण, मग घड्याळ, संक्रांतीच्या आधी नाणी-नोटा, यात्रा संपल्यावर भागाकार. फेब्रुवारीत एक आठवडा कोरा ठेवते. ज्या मुलांचं काही राहून गेलेलं असेल त्यांच्यासाठी तो आहे. त्या आठवड्यासमोर घटकाचं नाव काय लिहायचं हा दरवर्षीचा प्रश्न, कारण रकाना रिकामा चालत नाही. मी ‘दृढीकरण’ लिहिते.

उद्याचं टाचण: पहिली तासिका उजळणी, दुसरी पाणी.

नियोजनाचे तक्ते छापणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. घटक आणि तासिका यांच्या मधे बोटभर जागा सोडा आणि तिथे एवढंच छापा: आधी काय यायला हवं? पेन्सिलीनं आखलेला रकाना तक्ता वर गेला की कुणी वाचत नाही. छापलेला रकाना प्रत्येक शिक्षकाला भरावा लागेल, आणि तो भरायला वर्गातल्या मुलांकडे बघावं लागेल.